'तुषार-इशारा' नको, हिंव म्हणा

बार्शीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारलंय: अमेरिकेतल्या भाचीच्या मोबाइलवर 'फ्रॉस्ट ॲडव्हायजरी' आली, म्हणजे गवता-पानांवर बर्फाचा पांढरा थर धरेल अशी हवामानाची सूचना; त्याला 'तुषार-इशारा' म्हणायचं का?

अजिबात नाही. आपल्या जिल्ह्यात 'तुषार' म्हटलं की माणूस स्प्रिंकलरच्या अनुदानाची चौकशी करतो.

त्याआधी एक राग काढू द्या. दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाची बातमी येते: 'दवबिंदू गोठले'. अहो, दव गोठलं तर काचेच्या मण्यासारखं दिसतं. गवतावरचा तो पांढरा भुरभुरीत थर, म्हणजे फ्रॉस्ट, वेगळा. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन रात्रभर ऊब सोडत राहते, पातं शून्याखाली जातं आणि हवेतली वाफ पाणी न होताच त्यावर बर्फ होऊन बसते. यात बिंदू आला कुठून?

आता तुषार. संस्कृतात तो हिमही आहे. तुषाराद्री म्हणजे हिमालय. म्हणून आमचे एक संस्कृतवाले स्नेही 'तुषार सिंचन' ऐकलं की कपाळाला हात लावतात. हिमाचं कसलं सिंचन, म्हणे! त्यांनी कालिदासाच्या रघुवंशाचा दुसरा सर्ग पुन्हा उघडावा. दिलीप राजाच्या अंगावर येणारा वारा डोंगरझऱ्यांचे तुषार घेऊन येतो, आणि ते पाण्याचेच आहेत. मराठीने चूक केली नाही, दोन अर्थांतला ओला तेवढा उचलला. खरी गंमत पुढेच आहे. थंड मुलखात फळबागा वाचवायला रात्रभर स्प्रिंकलर चालवतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे कळी शून्याच्या आसपास तग धरते. पाणी मध्येच बंद पडलं तर मात्र नुकसान वाढतं. म्हणजे तुषारावर उतारा तुषारच! पाणिनीलाही हसू आलं असतं.

मग म्हणायचं काय? माझा हट्ट 'हिंव'. ग्रामचं गाव, नामचं नाव, श्यामलचा सावळा, तसं हिमचं हिंव. हिवाळा, हिवताप त्याच घरातले. ऋग्वेदात शंभर वर्षं मागताना 'शतं हिमाः' म्हणतात, म्हणजे शंभर हिवाळे. फारसी जमिस्तान आणि रशियन झिमा, दोन्ही हिवाळेच, दोन्ही याच हिमाचे भाऊबंद. काहीजण 'दहिवर' पुढे करतात. करोत बापडे, पण त्याने पुन्हा दवच डोळ्यांपुढे येतं.

हो, इशाऱ्याचं राहिलं. तिकडे अमेरिकेत रात्रीचं तापमान ३३ ते ३६ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा ते दोन अंश सेल्सिअसवर उतरणार असेल तर ही सूचना देतात, तीही पिकांच्या हंगामात. शून्याच्या वर असूनही, कारण तापमापक छातीच्या उंचीवर असतो आणि शांत रात्री जमिनीलगत त्याहून गार असतं. आपल्या मैदानी भागात पारा १० अंशांवर किंवा खाली आणि सरासरीहून साडेचार अंशांनी कमी झाला की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. हिंव पडायला तेवढ्याने भागत नाही. भाचीला कळवा: हिंवाचा इशारा आहे, कुंड्या आत घे.