झेंडावंदनच म्हणा

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहणाऱ्या वाचक ताईंनी प्रश्न पाठवला आहे. प्रजासत्ताकदिनाच्या सूचनेत त्यांनी ‘झेंडावंदन सकाळी ८ वाजता’ असं लिहिलं. एका ज्येष्ठ सभासदांनी ते ‘ध्वजारोहण’ करायला सांगितलं; झेंडावंदन हा भेसळीचा शब्द आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यांनी सांगितलं, २६ जानेवारीला ध्वजारोहण नसतंच, त्या दिवशी ध्वज फडकवतात. तिसऱ्यांना ‘वंदन’ खटकलं. वंदन देवाला करतात, म्हणाले. शेवटी फळ्यावर ‘प्रजासत्ताकदिन कार्यक्रम’ एवढंच लागलं. ताई विचारतात, बरोबर काय? आणि पत्राच्या अखेरीस त्यांनी एक वाक्य जोडलं आहे: ‘खरं सांगते, झेंड्यापुढे उभी राहिल्यावर माझा ऊर भरून येत नाही. बरं वाटतं, शांत वाटतं, पण डोळ्यांत पाणी वगैरे नाही. मग देशभक्तीचे एवढे मोठे शब्द मी वापरावेत का?’

ताई, तुम्ही लिहिलं होतं तेच बरोबर होतं. ते पुन्हा फळ्यावर लिहा.

भेसळीचा आक्षेप आधी बाजूला करू, कारण तो सगळ्यांत दुबळा आहे. झेंडा हा लोकांच्या तोंडचा शब्द. हिंदीतला झंडा आणि गुजरातीतला झंडो ही त्याची सख्खी भावंडं. वंदन संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं. दोन वेगळ्या घरांतले शब्द जोडले म्हणून समास अशुद्ध ठरत असेल, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवरची पाटी उतरवावी लागेल. जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत, आणि त्यांचा सांधा तर चक्क संस्कृत संधीच्या नियमाने केलेला. रेल्वेस्थानक, पोलीसपाटील हीही त्याच जातकुळीची. पेशव्यांच्या फौजेपुढे चालणाऱ्या निशाणाचं नावच घ्या ना: जरीपटका. त्यातली जरी फारसी. निशाण हा शब्दही फारसीच. ज्या भाषेने आपल्या सर्वांत मानाच्या झेंड्याला असं नाव दिलं आणि ते अभिमानाने मिरवलं, तिला झेंडावंदनाचं वावडं असण्याचं कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचारपूर्वक केलेला आहे. आरोहण म्हणजे चढणं. ध्वजारोहणात ध्वज खालून वर चढतो. लाल किल्ल्यावर १५ ऑगस्टला हेच होतं: ध्वज काठीच्या तळाशी असतो आणि दोरीने वर नेला जातो. २६ जानेवारीला दिल्लीच्या कर्तव्यपथावर तो आधीच टोकाशी बांधलेला असतो. दोरी ओढली की घडी सुटते. त्यामागचं कारण असं सांगतात, की १९४७ मध्ये एक झेंडा उतरून दुसरा चढला, तर १९५० मध्ये आपला झेंडा आधीच वर होता. (लाल किल्ल्यावर नेहरूंनी पहिल्यांदा ध्वज चढवला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी, १५ ला नव्हे.) म्हणजे २६ जानेवारीच्या सूचनेत ध्वजारोहण लिहू नये हे दुसऱ्या सभासदांचं म्हणणं रास्त आहे. मात्र त्यांनी सुचवलेलं ‘फडकवणं’ही नेमकं नाही. फडकणं हे वाऱ्याचं काम, त्या शब्दातच कापडाचा आवाज आहे. दोरीने होतं ते उलगडणं. ‘अमुक यांच्या हस्ते ध्वज उलगडला जाईल’ असं कुणी लिहिलं तर मला फार आवडेल. मराठीत इतका अचूक आणि देखणा शब्द असून आपण तो फक्त कोडी आणि रहस्यं यांच्यासाठी राखून ठेवला आहे.

झेंड्यासाठी क्रियापदांची आपल्याकडे वाण नाही. झेंडा लावतात, रोवतात, चढवतात, उभारतात, मिरवतात, उतरवतात. दुखवट्यात अर्ध्यावर आणतात. १७५८ च्या मोहिमेनंतर ‘अटकेपार झेंडे लावणं’ हा वाक्प्रचार रुजला. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा वारकऱ्याच्या खांद्यावर असते ती पताका, आणि मोर्चात असतो तो बावटा. सरकारी भाषेतला राष्ट्रध्वज सोडला, तर ‘ध्वज’ हा एकटा शब्द बोलण्यात फारसा येतच नाही. शाळेतून आलेलं पोर ‘आज ध्वज बघितला’ म्हणत नाही. झेंडा म्हणतं. आणि त्याच्या रंगांची नावं विचारली तर केशरी, पांढरा, हिरवा असं सांगतं. त्यातल्या केशरीला भगवा म्हणू नये हेही जाता जाता सांगतो, कारण मराठीत भगवा हा वेगळा रंग आहे आणि त्याचा झेंडाही वेगळा आहे.

पण या सगळ्या क्रियापदांमध्ये मला एक गोष्ट दिसते, आणि माझ्या उत्तराचं खरं कारण तेच आहे. चढवणं, रोवणं, फडकवणं, उलगडणं ही सगळी एकाची कामं आहेत. ज्याच्या हातात दोरी त्याची. ध्वजारोहण अध्यक्ष करतात, मुख्याध्यापक करतात, पंतप्रधान करतात. बाकीचे शंभर जण त्या शब्दात कुठे आहेत? झेंडावंदन म्हटलं की ते शंभर जण कर्ते होतात. वॉचमन, दूधवाला, तिसरीतली मुलगी, नुकतीच पायाची शस्त्रक्रिया झालेल्या आजी, सगळे. म्हणूनच आपण म्हणतो ‘झेंडावंदनाला गेलो होतो’. ‘ध्वजारोहणाला गेलो होतो’ असं निमंत्रणपत्रिकेबाहेर कोणी बोलत नाही, कारण तिथे जाऊन आपण काही केलेलंच नसतं.

पुण्यात राहणाऱ्याला हा फरक इतिहासातही दिसतो. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचा युनियन जॅक चढला. खडकीची लढाई ५ नोव्हेंबरला झाली होती, पेशवे दुसरे बाजीराव शहर सोडून गेले होते, आणि तो झेंडा लावला इंग्रजांच्या बाजूला गेलेल्या बाळाजीपंत नातूंनी, असं सांगतात. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष ध्वजारोहण होतं. झेंडा वर चढला, वाऱ्यावर फडकलाही. पण त्याला वंदन झालं असं कोणी म्हणणार नाही.

आता तिथून चालत केसरीवाड्यात या. नारायण पेठेत, फार लांब नाही. मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत जो झेंडा उलगडला, तो तिथे जपून ठेवला आहे. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’ अशी अक्षरं आहेत. तिथे ना काठी रोवलेली होती, ना कोणती इमारत जिंकलेली होती. एका पारशी बाईने परक्या देशातल्या सभेत तो झेंडा हातात धरला आणि जमलेल्या प्रतिनिधींना उठून वंदन करायला सांगितलं. त्या सभागृहात ध्वजारोहण झालंच नाही. झेंडावंदन झालं. मी जेव्हा जेव्हा तो झेंडा पाहतो तेव्हा मला वाटतं, की आपल्या देशाचा झेंडा आधी वंदनातून जन्मला आणि आरोहण त्याच्या वाट्याला चाळीस वर्षांनी आलं.

मधल्या काळाचीही हीच कहाणी आहे. १९२३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन जायला बंदी झाली आणि लोक तो हातात धरून तुरुंगात गेले. त्या लढ्याचं नाव मराठीत झेंडा सत्याग्रह. ध्वज सत्याग्रह असं कोणी म्हटलं तर ते पुस्तकी वाटतं. १९३० पासून दर २६ जानेवारीला लोक स्वातंत्र्यदिन पाळत होते आणि झेंड्यापुढे उभे राहून प्रतिज्ञा घेत होते, देश स्वतंत्र नसताना. सरकारी इमारतीवर चढवायचा अधिकार नव्हता. वंदन मात्र करता येत होतं, आणि ते केलं जात होतं. पुढे स्वतंत्र भारतातही, २००२ ची ध्वजसंहिता येईपर्यंत, सामान्य माणसाला ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडून आपल्या घरावर राष्ट्रध्वज लावण्याची मोकळीक नव्हती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने ध्वज लावणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीचा भाग मानला. लावण्यासाठी संहिता लागली, निकाल लागला. वंदनासाठी कधी काही लागलं नाही.

शनिवारवाड्याचा उल्लेख केला, तेव्हा आणखी एक सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट राहील. १८१७ मध्ये जो जरीपटका उतरला, तोही या शहरातल्या प्रत्येकाचा नव्हता. पेशवाईत ज्यांना माणूस म्हणून वागवलं गेलं नाही, त्यांनी तो उतरल्याचं दुःख का करावं? महाराष्ट्रातले लाखो लोक १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभाला अभिवादन करतात ते याच आठवणीने. या शहराने झेंडे चढताना आणि उतरताना पाहिले, पण पेठेतला वाडा आणि नदीपलीकडची वस्ती एकाच रांगेत उभी राहून ज्याला वंदन करू शकते असा पहिला झेंडा हा तिरंगी. माझं त्याच्यावर प्रेम आहे ते यासाठी. तो उंच आहे म्हणून नाही.

आता ‘वंदन’. वन्द् या धातूचा अर्थ नमस्कार करणं, गौरवाने बोलणं. त्यात पूजा, नैवेद्य, आरती काही नाही. आईवडिलांना वंदन करतो, गुरुजींना करतो. आणि मराठीने तर या शब्दाला पूर्णपणे नागरी असं एक रूप दिलं आहे: मानवंदना. तुमच्या घरापासून फार दूर नाही अशा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाच्या वेळी प्रमुख पाहुणे मानवंदना स्वीकारतात. तिथे कोणी कोणाची पूजा करत नाही, आणि संचलनात सगळ्या धर्मांचे छात्र असतात. तरीही एखाद्या शेजाऱ्याच्या श्रद्धेला हात जोडणं किंवा मान झुकवणं जड जात असेल, तर त्यांना हे जरूर सांगा: ध्वजसंहितेची साध्या नागरिकाकडून अपेक्षा एवढीच आहे, की झेंड्याकडे तोंड करून सावधान स्थितीत उभं राहावं. सलामी गणवेशातल्यांनी द्यायची. आपलं ताठ उभं राहणं हेच आपलं वंदन.

याच ठिकाणी ताईंच्या शेवटच्या वाक्याला उत्तर देतो, कारण मला ते सगळ्या प्रश्नात महत्त्वाचं वाटलं. शाळेत आपण सगळ्यांनी जी प्रतिज्ञा म्हटली ती आठवा. मूळ तेलुगूत, १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिलेली. तिच्या मराठी रूपात देशाबद्दलची भावना कोणत्या शब्दांत आहे? ‘माझ्या देशावर माझे प्रेम आहे.’ पुढे परंपरांचा अभिमान येतो, त्यांचा पाईक होण्याची पात्रता येते, देश आणि देशबांधव यांच्याशी निष्ठा येते. वडीलधाऱ्यांचा मान आणि प्रत्येकाशी सौजन्य येतं. भक्ती हा शब्द कुठेही नाही. भक्ती मराठीत लहान शब्द आहे असं मी म्हणत नाही. वारकऱ्यांनी त्याला जी ऊब दिली ती अमोल आहे. पण ऊर भरून येणं हे भक्तीचं लक्षण आहे, आणि प्रतिज्ञेने ते तुमच्याकडे मागितलेलं नाही. तिने प्रेम मागितलं आहे, आणि प्रेम शांत असू शकतं. पाईक म्हणजे पायी चालणारा शिपाई. तो रडत नाही, चालत राहतो.

ताई, तुम्ही सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून सूचना लिहिता, लोकांना गोळा करता, आणि झेंड्यापुढे उभं राहिल्यावर शांत वाटतं म्हणता. त्याला देशप्रेम हा शब्द पूर्ण लागू पडतो. तुमचं वंदन कोणापेक्षाही उणं नाही. ज्यांचे डोळे भरून येतात त्यांचंही खरं आहे. रांगेत दोन्ही प्रकारची माणसं शेजारी शेजारी उभी असतात आणि राष्ट्रगीत दोघांचं एकाच वेळी संपतं.

राहता राहिलं लेखन. झेंडावंदन हा एक शब्द, जोडून लिहायचा. सामान्यरूपात झेंडा बदलत नाही, वंदन बदलतं: झेंडावंदनाला, झेंडावंदनाची वेळ. ‘झेंड्याला वंदन’ असं सोडवून लिहिलं तरी चालेल, पण मग ‘ड्या’ विसरू नका. ध्वजवंदन हा शब्दही शुद्ध आहे आणि त्यात वंदन टिकून आहे, त्यामुळे ज्येष्ठ सभासदांचं मन राखायचं असेल तर तो पर्याय ठेवा; माझी पसंती मात्र मी सांगितली. ‘झेंडावंदन कार्यक्रमाचे आयोजन करण्यात आलेले आहे’ असं लांबण लावू नका. सूचना अशी लिहा: ‘२६ जानेवारी, सकाळी ८ वाजता, सोसायटीच्या पटांगणात झेंडावंदन. सर्वांनी यावे.’ दोरी कोण ओढणार त्यांचं नाव द्यायचं असेल तर खालच्या ओळीत द्या, आणि तिथे ‘उलगडतील’ हे क्रियापद वापरा. १५ ऑगस्टच्या सूचनेत त्याच ओळीत ‘ध्वजारोहण करतील’ चालेल, मात्र तुमच्या पटांगणात झेंडा खरोखर खालून वर चढणार असेल तरच. बहुतेक शाळांत आणि सोसायट्यांत दोन्ही दिवशी घडी घातलेला, आत फुलं ठेवलेला झेंडा आदल्या तासाभरात वर नेऊन बांधलेला असतो. तसं असेल तर दोन्ही सूचनांत ‘उलगडतील’ हेच बरोबर.