सनरूफ काढून जुन्या पद्मिनीचं छप्पर पुन्हा अखंड करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९७४ची प्रीमियर पद्मिनी, नव्वदच्या दशकात हौसेनं बसवलेला काचेचा सनरूफ आता गळतो, तो काढून छप्पर मूळचं करून नाशिकात मिळेल का? आणि एक गॅरेजवाला म्हणतोय, "पत्र्याचा तुकडा मारतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा."

मिळेल. फक्त तो तुकडा मारून घेऊ नका. मी एकदा घेतलाय.

माझी गाडी १९७८ची. सनरूफ आधीच्या मालकाची हौस. पद्मिनीला कंपनीकडून सनरूफ यायचा नाही. अ‍ॅक्सेसरीवाला छपरावर कागदाचा साचा चिकटवायचा, जिगसॉनं चौकोन कापायचा आणि रबर घालून काचेची फ्रेम वरून-खालून आवळायचा. माझ्या गाडीत कापलेल्या कडेला रंगाचं बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्यामुळे रबर बदललं तरी गळती थांबेना, कारण रबराखालची कड गंजून पापुद्र्यासारखी सुटत होती. सिलिकॉनच्या तीन नळ्या संपवल्या. शेवटी एका जुलैत कसारा घाट चढताना सौ.च्या मांडीवर धार लागली आणि तिनं गाडीतच छत्री उघडली. इगतपुरीला चहा घेताना निर्णय झाला. माझा नव्हे.

इथल्याच एका डेंटरनं तीन दिवसांत भोक बुजवून दिलं. गणपतीत गाडी आरशासारखी चकाकत होती. एप्रिलमध्ये एका सकाळी तिरप्या उन्हात पाहिलं, तर छपरावर चौकोन! सनरूफ गेला होता, त्याच्या चारही कडा परत आल्या होत्या. फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून त्या रेषेवरून फिरवलं. मधे चिकटायचं, रेषेवर आलं की सुटून हातात यायचं. म्हणजे तिथे खाली लोखंड बरंच खोल आणि वर नुसती लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी.

यात डेंटरची बेइमानी नव्हती, घाई माझीच होती. मी टूलरूममध्ये काम केलेला माणूस, मला हे आधी कळायला हवं होतं. छपराचा पत्रा एक मिलिमीटरच्याही आतला, आणि वर इतका मोठा, जवळजवळ सपाट पसरलेला. वेल्डिंगची रेघ थंड होताना आकसते आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेते. मग बोटानं दाबलं की टक्‌ आत, सोडलं की टक्‌ बाहेर, बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखं. हा झोल लपवायला लांबीचा थर चढतो. उन्हात लोखंड आणि लांबी सारखी फुगत नाहीत, आणि कड वर दिसायला लागते.

तुकडाच घालायचा असेल तर निदान एवढं बघा. तुकडा दुसऱ्या छपराचा हवा, म्हणजे जाडी आणि बाक जुळतो. गॅसची ज्योत नको, सीओटू वेल्डिंग (विजेचं, तारेचं) हवं. एक टाका मारला की पुढचा समोरच्या बाजूला, आणि पहिल्यावर हात टेकवता येईपर्यंत तिकडे परत जायचं नाही. प्रत्येक टाका खाली डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोडीनं हलका ठोकून घ्यायचा, म्हणजे आकसलेला पत्रा पुन्हा ताणला जातो. हे दोन दिवसांत होत नाही. आणि लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही.

पण माझं मत विचाराल तर भोक बुजवू नका, छपराचा पत्राच बदला. जोड छपराच्या मधोमध असण्यापेक्षा, कंपनीनं जिथे दिलाय तिथेच, कडेला पाणपट्टीत, म्हणजे पावसाचं पाणी वाहून जायच्या पन्हळीत असलेला बरा. तिथे तो कोणाला दिसत नाही.

छप्पर कुठून आणायचं? अंबड-सातपूर लिंक रोडला भंगारवाल्यांकडे मी दोन रविवार घालवले, काही मिळालं नाही. अखेर कुर्ल्याला मिळालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली, त्यामुळे माझं छप्पर अर्थातच टॅक्सीचं, पिवळंधमक. घेताना पाणपट्टी नखानं खरवडून पाहा. टॅक्सीच्या टपावरच्या कॅरिअरचे पाय तिथेच आवळलेले असतात आणि त्याखाली वर्षानुवर्षं पाणी मुरतं. माझ्या हाती आलेलं पहिलं छप्पर वरून छान होतं, पण तिथे नख आरपार गेलं. भंगारवाल्याला नुसता पत्रा कापून देऊ देऊ नका. खांब अर्ध्यातून कापून अख्खं टोपरं घ्या, सोडवायचं काम इथे निवांत करता येतं. माझं टोपरं वाशीला भाजी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून आलं.

या वेळी काम नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दिलं. पुढची-मागची काच, बीडिंग, आतलं लायनिंग सगळं उतरवलं. मग त्यांनी तारेच्या ब्रशनं पाणपट्टी घासली. रंग गेल्यावर तिथे ओळीनं गोल खळगे दिसायला लागले, प्रत्येक खळगा म्हणजे कंपनीचा एक स्पॉट वेल्ड, दोन पत्रे एका ठिपक्यावर जोडणारा टाका. त्यावर ते बेतानं ड्रिल धरत, वरचा पत्रा कापला गेला की थांबत, खालच्या पत्र्याला धक्का नाही. आधी टोपऱ्यावर हात बसवला, मग माझ्या गाडीवर. एक खळगा झाला की छिन्नीचं टोक सरकवून कान लावायचे. पत्रा सुटला की वेगळा आवाज येतो म्हणे, मला सगळे सारखेच वाटले.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. वरचा पत्रा काढण्याआधी गाडी सपाट जमिनीवर घ्या, दरवाजे लावून ठेवा, आत आडवे अँगल टाचून घ्या, आणि काचेच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा. नवीन पत्रा टाचल्यावर तेच आकडे आले पाहिजेत. नाही आले तर काच बसताना तडकते. पत्र्याच्या काठाला भोकं पाडून ती वेल्डनं भरायची, म्हणजे मूळच्या स्पॉटसारखं दिसतं. दोन पत्र्यांच्या मधे झिंक प्रायमर लावल्याशिवाय टाका मारू देऊ नका, आणि शेवटी पाणपट्टीत सीलर.

मला सगळं मिळून साधारण ६०,००० रुपये लागले, निम्म्याहून जास्त रंगाला. नुसत्या छपराचा रंग जुन्या रंगाशी जुळत नाही, हे आधीच धरून चला. लायनिंगवाल्यालाही सांगून ठेवा. कापड ज्या सळ्यांवर ताणलेलं असतं त्यातल्या मधल्या सळ्या सनरूफवाल्यानं कापलेल्या असतात, त्या टोपऱ्यातूनच काढून ठेवायच्या.

कागदपत्रांचं थोडं. तुमची गाडी पन्नाशीच्या पुढे आहे. २०२१च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, बॉडी शेलमध्ये मोठा फेरफार नको. छपरातलं भोक तिथे नडू शकतं. म्हणून कामाचे आधीचे-नंतरचे फोटो आणि बिलं ठेवा, आणि पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारून घ्या. पण व्हिंटेज नोंदणी केली की गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती असल्या कामांपुरतीच काढता येते. वडिलांना तिच्यातून रोज पंचवटीत भाजीला जायचं असेल तर आहे ती नोंदणी राहू द्या.

काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. आणि लायनिंग बसवण्याआधी दरवाजे-काचा लावून छपरावर बागेच्या पाइपनं अर्धा तास पाणी सोडा. आत बॅटरी घेऊन स्वतः बसा, सौ.ना बसवू नका.