ठेकेदारीतून सहयोगी शासनाकडे: प्रत्यक्षात काय बदललं?

तुम्ही विचारलंय की, 'नवं सार्वजनिक व्यवस्थापन' मागे पडून 'सहयोगी शासन' आलं असं अभ्यासाच्या पुस्तकात वाचलं, पण प्रत्यक्षात बदललं काय? थोडक्यात, पहिलं म्हणजे सरकारी कामात बाजारातली स्पर्धा आणि ठेके आणणं, दुसरं म्हणजे सरकारने बाहेरच्या संबंधितांना सोबत घेऊन निर्णय करणं. सविस्तर व्याख्या तुमच्याकडे असतीलच, म्हणून मी थेट कचऱ्याकडे येतो.

थॅचरबाईंच्या ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्याने कचरा उचलण्यासारख्या कामांसाठी निविदा काढणं नगरपालिकांवर बंधनकारक झालं. पालिकेच्या स्वतःच्या कामगारांनीही खाजगी कंपन्यांशी स्पर्धा करूनच काम मिळवायचं. 1991 मध्ये प्रशासनाचे अभ्यासक ख्रिस्तोफर हूड यांनी या सगळ्या पद्धतीला 'नवं सार्वजनिक व्यवस्थापन' हे नाव रूढ केलं. पुढे मजूर पक्षाच्या सरकारने 1999 च्या कायद्याने ती सक्ती काढली. खर्च काही ठिकाणी खरंच कमी झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता पुण्यात या. शहरातल्या कचरावेचक बायकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना 1993 मध्ये उभी राहिली, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने. 2000 च्या घनकचरा नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करायला सांगितलं, तेव्हा सरधोपट वाट होती ठेका देण्याची. पुणे महापालिकेने 2008 मध्ये कचरावेचकांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी करार केला. घरोघरचा कचरा त्या घेणार, घरं महिन्याला शुल्क देणार, सुका कचरा विकून येणारे पैसे त्यांचेच.

खरी गंमत पैशाच्या वाटेत आहे. ठेकेदाराला टनामागे पैसे मिळत असतील तर कचरा जितका जड तितका त्याचा फायदा. ओला-सुका वेगळा करायची त्याला काय घाई? कचरावेचकाचं उलट असतं. पुठ्ठा ओला झाला की भंगारात भाव पडतो, त्यामुळे तुम्ही डबा एकत्र करून दिलात तर ती दारातच तुम्हाला सुनावते! आमच्या सोसायटीत वर्गीकरण त्या बोलण्यामुळे जितकं सुधारलं तितकं जिन्यातल्या सूचनाफलकाने कधीच सुधारलं नाही. आणि जे भंगारात गेलं त्याच्या वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा पालिकेचा खर्च वाचला. हे गणित निविदेच्या कागदावर बसून सुचत नाही. ते काम करणारा माणूस नियम ठरतानाच तिथे असावा लागतो. माझ्या मते बदल एवढाच आहे, पण मोठा आहे.

योगायोगाने त्याच 2008 मध्ये ॲन्सेल आणि गॅश या अभ्यासकांनी 137 उदाहरणं तपासून सहयोगी शासनावरचा निबंध लिहिला. बिगरसरकारी मंडळींचा निर्णयात थेट सहभाग हवा, नुसता सल्ला घेणं पुरत नाही, ही त्यातली अट परीक्षेसाठी लक्षात ठेवा. ताकदीतली तफावत आणि आधीचे संबंध यांवरही त्यांचा भर आहे, आणि पुण्यात नेमकं तेच दिसतं. करारापूर्वीची पंधराएक वर्षं संघटना झगडत होती. पालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं, पालिकेच्या पैशातून आरोग्य विमा, हे आधीच पदरात पडलं होतं. ज्या शहरात अशी संघटना नाही तिथे कचरावेचकांना 'भागीदार' म्हणून बोलावलं तरी सही कुठे करायची एवढंच त्यांना सांगितलं जाईल.

पुस्तकं एकामागून एक युगं आल्यासारखं लिहितात, ते मला पटत नाही. 'स्वच्छ'सुद्धा करारावरच चालते आणि कराराला मुदत असते. 2020 च्या अखेरीस दुसरा करार संपला तेव्हा काही नगरसेवकांना खाजगी ठेकेदार हवा होता, आणि कचरावेचकांचं काम छोट्या छोट्या मुदतवाढींवर चालू राहिलं. त्या काळात शहरातले बरेच नागरिक त्यांच्या बाजूने उभे राहिले, पण निविदेचा पर्याय टेबलावरून हलला नव्हता. उत्तरपत्रिकेत 'एकाची जागा दुसऱ्याने घेतली' असं लिहिण्याऐवजी दोन्ही एकाच महापालिकेत शेजारी शेजारी कसे नांदतात, हे या उदाहरणासकट लिहा.