खुब्याचा सांधा बदलल्यानंतर चालता येण्यास किती वेळ लागतो?

डाव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खुंटून सांधा झिजल्यामुळे मी ही शस्त्रक्रिया करून घेतली. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टने हाती वॉकर देऊन उभे केले आणि टाके दुखत असले तरी जांघेतली ती जुनी, झोप उडवणारी कळ गेल्याचे तेव्हाच जाणवले. आधी वॉकर, मग काठी आणि साधारण दीड ते तीन महिन्यांत आधाराशिवाय चालणे, असा क्रम असतो.

खरी कसोटी घरी लागते. सांधा मागच्या बाजूने उघडला असल्यास, तो निखळू नये म्हणून सुरुवातीचे काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा अधिक वाकवायचा नसतो. त्यामुळे उकिडवे बसणे, मांडी घालणे, एवढेच काय, पायात मोजे चढवणेही बंद होते (मोजे घालून देणाऱ्याचा संयम मात्र वाखाणण्याजोगा असतो). कमोडवरची उंच बैठक आणि झोपताना गुडघ्यांमध्ये ठेवायची उशी यांची सोय आधीच करावी. जिना चढताना चांगला पाय पुढे टाकावा, उतरताना शस्त्रक्रिया झालेला. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या मध्येच सोडू नयेत. पोटरी सुजून दुखू लागल्यास किंवा जखमेतून स्राव आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.