मोआ 'पंखहीन' की 'न उडणारा'?

प्रश्न असा आहे की शहामृग, इमू, किवी आणि न्यूझीलंडचा नामशेष झालेला मोआ ह्या सगळ्यांना आपण सरसकट 'पंखहीन पक्षी' लिहितो ते बरोबर आहे का, आणि मोआला 'महाशहामृग' म्हटलं तर चालेल का.

माझ्या मते 'पंखहीन' हा शब्द ह्यातल्या फक्त मोआला लावावा. शहामृगाला चांगले मोठे पंख असतात, पळताना तोल सांभाळायला आणि मादीपुढे नाचायला तो ते वापरतो, फक्त त्या पंखांवर त्याला उडता येत नाही एवढंच. इमूचे छोटे असतात आणि किवीचे तर इतके बारीक की पिसांत दिसतच नाहीत, पण असतात. किवीला १८१३ साली एप्टेरिक्स हे शास्त्रीय नाव दिलं त्याचा ग्रीकमधला अर्थच 'पंख नसलेला', त्यामुळे हा घोळ मराठीतच आहे असंही नाही. मोआच्या सांगाड्यात मात्र पंखाचं एकही हाड नाही, काही जातींत खांद्याच्या हाडाचा जरासा अवशेष उरलाय पण त्याला पंखाचं हाड जोडायला खोबणच नाही. म्हणून बाकीच्यांना 'न उडणारे' म्हणा, तेवढं पुरे आहे.

एक काळजी घ्यावी. आपण मोरपीस म्हणतो तसं मोरपंखही म्हणतो, त्यामुळे 'पंखहीन' वाचून कोणाला मोआ बिनपिसांचा वाटू शकतो. तसं अजिबात नव्हतं, कोरड्या गुहांमध्ये त्याची पिसं सापडली आहेत आणि डोंगराळ भागातल्या एका जातीला तर पार पायाच्या बोटांपर्यंत पिसं होती.

आता 'महाशहामृग'. सगळ्यात मोठ्या मोआची मादी मान वर केली की ३.६ मीटरपर्यंत जायची, वजन २०० किलोच्या वर, म्हणून हा शब्द सुचतो हे समजतं (नर तिच्यापुढे इतका लहान की दोघांना वेगवेगळ्या जाती समजत होते, ते २००३ साली जुन्या हाडांतल्या डीएनएवरून सुटलं). पण हा शब्द नातं चुकीचं सांगतो. मोआचा सगळ्यात जवळचा नातलग निघाला दक्षिण अमेरिकेतला टिनामू, तितराएवढा पक्षी आणि तो चक्क उडतो! म्हणजे मोआ आणि शहामृग ह्यांच्या पूर्वजांनी उडणं आपापलं वेगवेगळं सोडलं असं आता मानतात, आणि म्हणूनच मोआचा गणही वेगळा ठेवलाय, त्यात एकूण ९ जाती धरतात.

तेव्हा सरळ 'मोआ'च लिहावं. माओरी शब्द आहे, पॉलिनेशियाच्या इतर भाषांत मोआ म्हणजे कोंबडी, आणि आपल्या शहामृगातला 'मृग' पण हरीण नव्हे तर फारसी 'मुर्ग' म्हणजे पक्षी, ज्याच्यावरून हिंदीत मुर्गी आली. चालवायचा शहामृगासारखाच, तो मोआ, ते मोआ, मोआची मादी.