मृत्यूनंतरचा न्याय: ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते?

प्रश्न: माझ्या शाळेतील एक ज्येष्ठ सहकारी शिक्षिका नुकत्याच वारल्या. त्या ख्रिस्ती होत्या. सदरमधील चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि नंतर दफनविधीच्या वेळी आम्ही सर्वांनी शवपेटीवर मूठ-मूठ माती टाकली. ‘माणसाला मरण एकदाच, त्यानंतर न्याय’ असे वचन तेथे वाचण्यात आले. हा न्याय मेल्याबरोबर होतो की जगाच्या अंती? तो कर्मावर होतो की विश्वासावर? परतताना एका गृहस्थांनी सांगितले की, ख्रिस्तावर विश्वास न ठेवणाऱ्याला नरक ठरलेलाच आहे. माझे वडील अत्यंत सज्जन होते आणि ते हिंदू म्हणूनच गेले, त्यामुळे ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आणि माझ्या या दिवंगत मैत्रिणीसाठी मी घरी प्रार्थना केली तर चालेल का?
(एक वाचक भगिनी, धरमपेठ, नागपूर)

उत्तर: आपण ऐकलेले वचन बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायातील आहे. ख्रिस्ती श्रद्धेत पुनर्जन्म नाही, माणसाच्या वाट्याला हे एकच आयुष्य येते, आणि म्हणूनच त्याचा हिशेब इतका गंभीर मानला जातो. मात्र हा न्याय केव्हा होतो, याबाबत पंथापंथांत फरक आहे. सदरमध्ये कॅथलिकांचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलही आहे आणि प्रोटेस्टंट परंपरेतील चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे ऑल सेंट्स कॅथेड्रलही. आपल्या मैत्रीण कोणत्या मंडळीच्या होत्या हे आपण लिहिलेले नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

कॅथलिक शिकवणीनुसार न्याय दोनदा होतो. मरताक्षणी प्रत्येक आत्म्याचा स्वतंत्र न्याय होतो, आणि जगाच्या अंती, मृतांचे पुनरुत्थान झाल्यावर, सर्वांचा मिळून अंतिम न्याय होतो. हे सूत्र सहजासहजी ठरलेले नाही. पोप बाविसावे जॉन यांनी १३३१ पासून दिलेल्या काही प्रवचनांत, नीतिमानांच्या आत्म्यांना देवाचे प्रत्यक्ष दर्शन अंतिम न्यायानंतरच होईल, असे म्हटले. त्यावर मोठा वाद माजला, १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतले, आणि त्यांच्यानंतरच्या बाराव्या बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये अधिकृतपणे जाहीर केले की शुद्ध आत्म्याला ते दर्शन अंतिम न्यायाची वाट न पाहता लाभते. ज्यांना अजून शुद्धीची गरज आहे त्यांच्यासाठी कॅथलिक मंडळी शुद्धीस्थान मानते. तेथे असलेल्यांचे तारण, म्हणजे उद्धार, निश्चित असते, म्हणून त्याला छोटा नरक समजणे चुकीचे आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी, म्हणजे प्रोटेस्टंट पंथांच्या प्रवर्तकांनी, शुद्धीस्थान नाकारले, तरी विश्वासी मनुष्य मरणानंतर ख्रिस्ताच्या सान्निध्यात जातो, ही बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांची धारणा आहे. शेजारच्या वधस्तंभावरील गुन्हेगाराला येशूने ‘आजच’ सुखलोकाचे अभिवचन दिले, हा त्यांचा मुख्य आधार. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांसारखे काही जण मात्र मृत व्यक्ती पुनरुत्थानापर्यंत जणू निद्रिस्त असते, असे मानतात.

कर्म की विश्वास, हा आपला प्रश्न ख्रिस्ती लोकांनी आपसांत शतकानुशतके लढवला आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते, ते कर्मांची मिळकत नव्हे, असे ख्रिस्ताचा प्रेषित पौल इफिस येथील ख्रिस्ती लोकांना लिहितो. पण लगेच पुढच्याच वचनात सत्कृत्यांसाठीच आपली निर्मिती झाली आहे, असेही सांगतो. नव्या करारातील शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ग्रंथ उघडले जातात आणि मृतांचा न्याय त्यांच्या कृत्यांप्रमाणे होतो. येथे चित्रगुप्ताची वही आठवणे साहजिक आहे. परंतु त्याच ठिकाणी आणखी एक, जीवनाचे पुस्तकही उघडले जाते, आणि तेथे निर्णायक ठरते ते त्या पुस्तकात नाव असणे.

माझ्या मते या विषयाचे मर्म मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पंचविसाव्या अध्यायात सर्वांत स्पष्टपणे दिसते. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तसा राजा लोकांना वेगळे करतो, आणि उजवीकडच्यांना म्हणतो की मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिले. परका होतो, मला घरात घेतले. बंदिशाळेत होतो, माझ्याकडे आलात. ते गोंधळून विचारतात, ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिले?’ डावीकडचेही हेच विचारतात. म्हणजे ज्यांनी दया केली त्यांनी तिची नोंद ठेवलेली नव्हती आणि ज्यांनी ती नाकारली त्यांनाही आपण कोणाला नाकारले याची जाणीव नव्हती. या कनिष्ठांपैकी एकाला जे केले ते मला केले, एवढेच राजाचे उत्तर आहे. आणि हा राजा कोण, हेही विसरता कामा नये: रोमन सुभेदार पिलाताच्या न्यायासनापुढे ज्याच्यावर स्वतःवर अन्याय झाला, तोच येथे न्यायाधीश आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आपल्या परिपत्रकात काही धर्मशास्त्रज्ञांचे मत दिले आहे की, मनुष्याला जाळून शुद्ध करणारा अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्तच. ज्याच्यासमोर कोणतेही सोंग टिकत नाही, त्याच्या नजरेला नजर देणे हाच न्याय, असा त्याचा आशय आहे. यात भय आहे, आणि ते पुसून टाकू नये. कारण ज्याला लुबाडले, ज्याला उपाशी ठेवले, त्याची दादच लागणार नसेल तर देव न्यायी आहे हे म्हणणे पोकळ ठरेल.

आता आपल्या वडिलांविषयी. त्या गृहस्थांचे मत काही मंडळ्यांत प्रामाणिकपणे मानले जाते, हे मी लपवणार नाही. पण सर्व ख्रिस्ती लोकांची शिकवण तीच आहे, असे नाही. ज्यांना (यहुद्यांप्रमाणे) देवाचे नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणावर त्याची कृती लिहिलेली असते, असे पौल रोमकरांस सांगतो. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट म्हटले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला अनुसरून त्याच्या इच्छेप्रमाणे वागण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण मिळू शकते. शिवाय, समय येण्यापूर्वी कशाचाही न्यायनिवाडा करू नका, असे पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती लोकांनाच बजावले आहे. शोकाकुल माणसाला त्याचे वडील नरकात आहेत असे सांगण्याचा अधिकार कोणाही ख्रिस्ती व्यक्तीला दिलेला नाही. ते वाक्य आपल्या कानी पडले याचे मला दुःख आहे.

आपल्या मैत्रिणीसाठी प्रार्थना अवश्य करावी. त्या कॅथलिक असतील तर मृतांसाठी प्रार्थना करणे हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग आहे, आणि २ नोव्हेंबर हा दिवस त्यासाठीच राखलेला आहे. त्या प्रोटेस्टंट असतील, तर त्यांच्या घरचे बहुधा त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतील आणि मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागतील. आपणही तसेच करावे, आणि तसे केल्याचे त्यांच्या कुटुंबीयांना भेटून सांगितले तर त्यांना बरे वाटेल.