गाण्यांच्या जुन्या बारमध्ये पहिली रात्र: एवढं सांभाळा

सावंतवाडीहून शनिवारी पणजीला निघालाय ना? मस्त! फोंतेन्हास या तिथल्या जुन्या वस्तीकडचे बार एवढेएवढेसे, त्यामुळे लवकर पोचा. गाण्यांचा कार्यक्रम अंगणात असेल तर आणखी लवकर, कारण उघड्यावरचे स्पीकर नियमाने रात्री १० ला बंद. स्पीकरच्या तोंडासमोर बसू नका. नवखे नेमके तिथेच बसतात आणि रात्रभर एकमेकांच्या कानात ओरडतात.

उन्हाळ्यात जाताय म्हणजे उर्राक मिळणार. काजूच्या बोंडांच्या रसाची ही पहिली धार. लिमका, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची घातली की सरबतासारखी उतरते, आणि तिथेच फसगत होते. फेणीत तर अल्कोहोल ४० टक्क्यांच्या वर, तिला आज लांबूनच नमस्कार. आधी चोरीस-पाव (गोव्याचं मसालेदार सॉसेज आणि पाव) सांगा, मग ग्लास.

बाकी थोडक्यात:

- फर्माईश दोन गाण्यांच्या मधे, चिठ्ठीवर. गिटारवाल्याच्या तोंडावर फ्लॅश मारू नका, प्लीज.
- मांडो, म्हणजे गोव्याचं कोंकणी गीत, लागला तर गप्पा थांबवा. लय संथ असते. पाठोपाठ जलद लयीचं दुलपद आलं की हव्या तेवढ्या टाळ्या वाजवा.
- वय २१ च्या खाली असेल तर फक्त सोडा.
- गाडी चालवणारा अजिबात पिणार नाही. 'एकच घेतो' म्हणणाऱ्याकडून किल्ली काढून घ्या.
- परवान्याशिवाय बाटल्या महाराष्ट्रात आणू नका, इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात.

कुठल्या भट्टीची फेणी चांगली, ते पुढच्या खेपेला सांगतो.